राखणदाराचा बोकड

"भास्करराव, पिठल्याखालचा जाळ कमी करू नका. मला ते उडताना बघायचंय," असं म्हणत खाडिलकरबाई लाँचच्या त्या काडेपेटीएवढ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

पिठलं उडालं. एक थेंब माझ्या मनगटावर बसला, एक बाईंच्या चष्म्यावर. बाईंनी तो पुसलाही नाही. तशाच चष्म्यातून भांड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघा. हा आपला समोरचा."

समोरच्या गोल खिडकीतून बेट दिसत होतं. काळं, बोडकं, डोक्यावर वाफेची एक बारीक शेंडी. त्याचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही नकाशा काढून बसाल, आणि नकाशा काढणाऱ्या माणसाला गोष्ट सांगण्यात मजा नसते. अंदमानाच्या अंगाला कुठेतरी, एवढं पुरे.

मी, भास्कर पराडकर, त्या लाँचवर स्वयंपाकी होतो. लाँचचं नाव 'रोहिणी'. आम्ही सहा जण, सगळे देवगड-मालवणकडचे. बाई पुण्याच्या, भूशास्त्राच्या. दगड फोडायची हातोडी कमरेला लावून फिरायच्या आणि जेवतानाही काढायच्या नाहीत. आम्ही त्यांना आणि तिर्की नावाच्या त्यांच्या मदतनिसाला तीन दिवसांसाठी त्या बेटावर घेऊन आलो होतो. पहिल्याच संध्याकाळी मी बाईंना सांगितलं की परदेशी बोटीवर असताना इटलीच्या एका ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर मी बांगडे भाजले आहेत.

"यातलं खरं किती?" त्यांनी विचारलं.

"मीठ लावलं होतं तेवढं खरं."

तेव्हापासून बाईंचं आणि माझं जमलं.

"पण बाई," मी पिठलं ढवळत म्हटलं, "ज्वालामुखी सगळे सारखेच ना? आग ओकायची, संपलं."

"तुमच्या सगळ्या भाज्या सारख्याच असतात का?"

"आमच्या सारंगाला विचारा. तो म्हणतो असतात."

बाई हसल्या. "आतला रस किती पातळ आणि त्यात वाफ किती कोंडलेली, त्यावर सगळं असतं. रस पातळ असला की पेज उतू जाते तसा येतो. आवाज नाही, गडबड नाही, कडेवरून उतरतो आणि पसरत जातो. म्हातारी माणसंसुद्धा काठी टेकत त्याच्यापुढून निघून जातील. आता समजा, डोंगरच नाही. जमीनच लांबलचक फाटली आणि त्या भेगांतून लाखो वर्षं अशी पेज उतू जात राहिली, थरावर थर. तर काय होईल?"

"काय होईल?"

"महाराष्ट्र होईल."

मी ढवळायचा थांबलो.

"खरंच सांगते. सह्याद्रीचे कडे बघितलेत ना, पायऱ्यापायऱ्यांचे? घावनांची चवडच आहे ती."

"म्हंजे माझो देवगड घावन?" दारातून आवाज आला. धाकू सारंग उभा होता. धाकू खवळे. लाँच त्याच्या ताब्यात. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, पण वीस वर्षं एका ताटात जेवल्यासारखे आम्ही राहिलो होतो. माझ्या हातचा भात पोटात गेल्याशिवाय तो नांगर उचलू द्यायचा नाही, मग भरती जावो की ओहोटी.

"घावन, पण वर जांभ्याची चटणी," बाई म्हणाल्या. "दुसरा प्रकार हे पिठलं. मध्यम दाट. बुडबुडा वर येतो, फुटतो, थेंब उडवतो, दमतो, पुन्हा येतो. फार जवळ गेलं नाही तर निभतं. आणि तिसरा..." त्यांनी मांडणीवरच्या कुकरकडे पाहिलं. "याच्या शिट्टीत भाताचं शीत अडकलं तर?"

धाकूने वर छताकडे बोट दाखवलं. तिथे पत्र्याला कुकरच्या झाकणाएवढा पोचा होता.

"तोच तिसरा. रस इतका दाट की हलतच नाही. नळी बुजलेली. पिढ्यान्‌पिढ्या गप्प. लोक त्याच्या अंगावर शेती करतात, देऊळ बांधतात. मग एक दिवस झाकणासकट जातो, आणि तापलेली राख आणि वाफ उतारावरून अशी धावत येते की घोडा असला तरी सुटका नाही."

"मग आपलं बरं," मी म्हटलं. "समोर पिठलं आहे."

"गार झालं की पिठल्यालाही वर साय धरते, भास्करराव. हा किती वर्षं गप्प आहे, कोणाला नीट माहीत नाही. पुन्हा तापला तर आधी ती साय उडवणार. आधी कुकर, मग पिठलं." त्यांनी माझा हात धरून भांड्याच्या कानाला लावला. "काही कळतंय? उकळी दिसायच्या आधी भांडं थरथरतं. त्यासाठी यंत्र असतं. मी मागितलंय, अजून आलेलं नाही."

भांड्याचा कान खरोखर थरथरत होता. तीस वर्षं चुलीपुढे काढून मला ते ठाऊक नव्हतं.

धाकूला यातलं काही नको होतं. त्याची अडचण वेगळी होती.

"बाईनू, दोन दिस झाले आमी ह्या जाग्यार पाय ठेवून. राखणदाराक काय्येक दिलेला नाय."

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. बांधाला असतो, विहिरीला असतो, वाटेवरच्या वडाला असतो. त्याचं त्याला दिल्याशिवाय जागेत वावरलं तर तो वाट चुकवतो, नाहीतर पाय मोडतो. बेट झालं म्हणून राखणदार नसेल, हे धाकूच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

"काय द्यायचं असतं?" बाईंनी विचारलं.

"एवढ्या मोठ्या डोंगराक कोंबो पुरचो नाय. बोकड व्हयो."

आता त्या बेटावर रानबोकड होते. कधीकाळी कोणत्यातरी जहाजाने अडीअडचणीला खायला म्हणून सोडलेल्या शेरडांची ती पिलावळ. माणूस दिसला की कड्यावर पळायची.

"त्याच्याच बेटावरचा बोकड त्यालाच देणार?"

"तुमच्या परड्यातला फूल तुमच्याच देवाक वाहतास ना, बाईनू?"

बाईंनी हात जोडले. "माझं उद्या वर तोंडापाशी काम आहे. शेवटचे नमुने. तुम्ही खाली काय करायचं ते करा. पण सारंग, ठरलेलं लक्षात ठेवा. काही वेगळं दिसलं तर तीन भोंगे. ऐकले की मी असेन तिथून खाली येईन."

"आनी काय नसताना वाजयले तर?"

"तर माझं काम बुडेल आणि मी तुमच्या नावाने कागद पाठवीन."

धाकूच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. कागदाला तो वादळापेक्षा जास्त भ्यायचा.

आता माझी एक गोष्ट कबूल करतो. बोकड देताना त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. पाणी पडल्यावर बोकडाने सर्वांगाने अंग झाडलं की देवाने तो मानला. झाडलं नाही तर थांबायचं. पुन्हा शिंपडायचं, पुन्हा हात जोडायचे, पुन्हा थांबायचं. एकदा एका बंदरात एक बोकड सकाळपासून दुपारपर्यंत नुसता आमच्याकडे बघत उभा राहिला आणि सहा माणसं वरण-भात जेवली. त्या दिवसापासून मी तांब्यात बर्फाचं पाणी न्यायला लागलो. बर्फाच्या पेटीत रात्रभर ठेवलेलं. मानेवर पडलं की बोकडच काय, हत्तीही अंग झाडेल. त्यानंतर सतरा बोकड झाले, एकही नापास नाही. धाकूची अशी समजूत होती की त्याच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या विनवणीत, जोर आला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि तिर्की वर गेले. आम्ही बोकड धरायला दोरखंड घेऊन उतरलो आणि बघतो तर बोकडांनीच आमची सोय केलेली. एरवी कड्यावर दिसणारा सगळा कळप खाली काळ्या वाळूवर, पाण्याच्या कडेला गोळा झालेला. दोन तर गुडघाभर समुद्रात उभे होते. आम्ही त्यातला एक काळा, दाढीवाला हाताने धरला. त्याने साधी लाथही मारली नाही.

"राखणदारान स्वतः धाडलो," धाकू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

मला मटणाच्या वाटपाचं गणित दिसत होतं. मी बाकी काही पाहिलं नाही.

एका सपाट खडकावर बोकड उभा केला. धाकूने नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. बाकीच्या चौघांनीही मिटले. मी तांब्या घेऊन बोकडाच्या मानेशी उभा. माझे डोळे उघडे, कारण पाणी नेमकं कुठे टाकायचं यात कसब असतं.

"बा राखणदारा म्हाराजा!" धाकूने आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्या जाग्यार इली हत! तेंची काय चूकभूल झाली असात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर गेलेल्या बाईक आनी तिच्या मानसाक सुखरूप खाली आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

आणि बोकडाने अंग झाडलं. नाकापासून शेपटीपर्यंत.

"मानलो! मानलो!" चौघांनी आरोळी ठोकली. कोणी कोणाला मिठी मारली. धाकूने डोळे उघडून खडकावर डोकं टेकलं.

तांब्या माझ्या हातात काठोकाठ भरलेला होता. एक थेंब सांडला नव्हता.

पहिल्यांदा मला वाटलं, चला, बर्फ वाचला. मग पलीकडच्या बोकडाने अंग झाडलं. मग त्याच्या पलीकडच्याने. मग वाळूवरचा सगळा कळप, जसा एका दोरीला बांधलेला, थरथरला. त्यांच्यावर कोणी पाणी शिंपडलं नव्हतं आणि त्यांना कोणी राखणदाराला दिलेलं नव्हतं. मी तांब्यात पाहिलं. पाण्यावर कडेपासून मधे बारीक बारीक वलयं येत होती. माझा हात थरथरत असेल म्हणून मी तांब्या खडकावर ठेवला. वलयं थांबली नाहीत.

मला पिठल्याच्या भांड्याचा कान आठवला. वर पाहिलं. डोंगराच्या डोक्यावरची वाफेची शेंडी नव्हती. बुजली होती.

आता विचार करा. मी धाकूला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? "धाकू, पाणी शिंपडलंच नाही, तरी बोकड थरथरला." तो म्हणाला असता, "बघ! पान्याबिगर मानलो! काय तो राखणदार!" आणि त्याने आणखी एक नारळ फोडला असता. आणि बर्फाचं सांगायचं तर मागच्या सतरा बोकडांचा हिशोब द्यावा लागला असता. बाईंना खाली यायला पाऊण तास. लाँचवर जाऊन भोंगा मीच वाजवला असता, पण होडी धाकूच्या हातात, भोंग्याची किल्लीही त्याच्या गळ्यात.

माझं सगळं आयुष्य थापा मारण्यात गेलं. पण त्या सगळ्या मला मोठं करणाऱ्या थापा होत्या.

"धाकू," मी म्हटलं, "घात झालो. तांब्यात खरकटा पाणी होता."

आरोळ्या थांबल्या.

"काय?"

"रात्रीची ताटां विसळलेला. मी तोच तांब्यो उचललंय. आता वास येतासा वाटला म्हणून बघलंय."

स्वयंपाक्याने खरकटं पाणी देवाच्या कामाला आणलं, म्हणजे राखणदार कोपणार, आणि बाई त्याच्या डोक्यावर. एवढं बोलून मी तांब्या वाळूत उपडा केला, कोणी हुंगून बघायच्या आत.

धाकूने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, किंवा मला तसं वाटलं. मग त्याने माझ्या कानाखाली अशी लगावली की मी खडकावरून खाली वाळूत बसलो. तिथे बुडाखाली मला ती थरथर अगदी स्पष्ट लागली.

"बाटयलंस!" तो ओरडला. "राखणदाराक उष्ट्याचो बोकड दिलंस! वर बाय आसा आनी हय तू... होडी काढा रे! एकान हय थांबान नारळ आपटा, दगडार आपटा, पन ऱ्हव नको! तीन भोंगे!"

घाबरला की धाकू काय बोलतो ते धाकूलाही कळायचं नाही. पण भोंगे तीन वाजले. लांब, एकामागून एक. मग धाकू होडी घेऊन परत वाळूवर आला.

बाई अर्ध्या तासात खाली आल्या. गुडघा फुटलेला, हातोडी हातात.

"कोणी वाजवला भोंगा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. धाकूने नुसती पाठ फिरवली.

"भास्करराव, माझे दोन नमुने राहिले वर. काय कारण होतं?"

मी त्यांच्या अगदी जवळ गेलो आणि हळू आवाजात म्हटलं, "बाई, पाणी शिंपडायच्या आधीच बोकड थरथरला. सगळे थरथरले. मीठ नाही यात, सगळंच खरं आहे."

बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. खाली वाकल्या, खडकावर तळवा ठेवला. मग डोंगराच्या डोक्याकडे पाहिलं, जिथे वाफ नव्हती.

"पेट्या राहू द्या," त्या तिर्कीला म्हणाल्या. "सगळ्या. होडीत बस."

तीन दिवसांचे दगड त्यांनी वाळूवर सोडले. आम्ही सुटलो तेव्हा तो काळा दाढीवाला बोकड आपणहून होडीत चढला होता आणि कोणालाच त्याला खाली उतरवायला सुचलं नाही.

लाँच मैलभर गेली असेल. आधी आवाज आला नाही, आधी डोंगराच्या डोक्यावरून काळा फुलोरा उठला, नुसता वर, वर, वर. मग आवाज आला तो छातीत. दगड समुद्रात पडताना दिसत होते. पडले की वाफ आणि चर्र आवाज. आम्ही बोकड उभा केला तो खडक, ती वाळू, त्या पेट्या, सगळ्यावर राखेचा पडदा पडला.

"कुकर," बाई म्हणाल्या.

सूर्य मावळायच्या सुमारास काळा धूर विरळ झाला आणि तोंडातून तांबडे थेंब उडायला लागले. उडायचे, दमायचे, पुन्हा उडायचे.

"पिठलं," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. चहाचा कप मी त्यांच्या पुढ्यात ठेवला.

पलीकडे धाकू चौघांना सांगत होता, "बघलास? खरकट्याचो प्रसाद. डोंगर फोडलो राखणदारान." आणि चौघंही माना डोलवत होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही डोलवली असती. पुरावा समोर पेटलेला होता.

त्या दिवसापासून धाकूने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भातही नाही. लाँचवर स्वतःची वेगळी चूल मांडली, त्यावर स्वतःचा भात शिजवला आणि रोज करपवला. अकरा वर्षं. करपल्याचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी एकदा नुसतं म्हटलं, "धाकू, जाळ कमी कर." त्याने जाळ वाढवला.

बाईंनी अहवालात लिहिलं की प्राण्यांच्या वागण्यातला बदल वेळीच लक्षात आल्याने माणसं वाचली. मला एक प्रत पाठवली. त्यावर पेनाने लिहिलं होतं, 'बोकडाचं नाव विचारायचं राहिलं.' बोकड माझ्या गावी बारा वर्षं जगला आणि भूकंपाच्या आदल्या दिवशी इंग्रजीत ओरडायचा. हे शेवटचं सोडून द्या.

धाकू निवृत्त झाला, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलाचा निरोप आला. बाबा खाटेवर आहेत, तुमचं नाव काढतात. मी गेलो. धाकू पडवीत पडला होता. हाडं आणि मिशी, एवढाच उरलेला. मी शेजारी बसलो.

"भास्करा," तो म्हणाला, "त्या तांब्यात बर्फ होतो ना?"

मी उगाच त्याची चादर सरळ करायला लागलो.

"सतरा बोकड," तो म्हणाला. "माका काय येडो समजलंस? पैल्याच बोकडाच्या मानेर हात फिरयलंय, गार लागलो."

"आनी त्या दिवशी?"

"त्या दिवशी एक थेंब पडाक नाय. सारंगान दोनय डोळे कधी मिटूचे नसतत."

"मग तुका ठावक होता मी खोटा बोलतंय."

"तेवाच कळला. थापाड्यो आपली अब्रू घालवणारी थाप मारना नाय. मारलंस, म्हंजे तू कायतरी बघलंस. म्हणान भोंगे दिले." त्याने दम घेतला. "आनी त्या चौघांनी इचारूचा नाय म्हणान तुका कानाखाली दिलंय."

"ती जरा जास्तच लागली."

"ती रागाची होती. तू माका खरा सांगूक नाय म्हणान."

"अकरा वर्षं भात करपयलंस तोय त्याच रागान?"

"त्याच."

मी विचारलं, "खरा सांगितला असतंय तर तू ऐकलं असतंस?"

धाकूने डोळे मिटले. दोन्ही. मला वाटलं झोपला. अंगणात त्याची सून कोंबड्यांना हाकलत होती. मग त्याने डोळे उघडले.

"नाय," तो म्हणाला.

आणि आम्ही दोघं हसायला लागलो, तो खोकत, मी खाटेची कड धरून. सून दारात येऊन बघून गेली.

हसणं थांबल्यावर धाकूने हात पुढे केला.

"पाणी दी," तो म्हणाला. "आनी गार नको."